कायदेविषयक साक्षरता आणि न्यायालयीन इतिहासाचा विसर : चवदार तळ्याच्या दाव्याच्या अनुषंगाने एक चिकित्सा

प्रस्तावना

कायद्याचे ज्ञान सर्वसामान्य माणसापर्यंत पोहोचविणे हे लोकशाही शासनव्यवस्थेचे कर्तव्य मानले जाते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ मध्ये संमत झाला व ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. तेव्हापासून राज्य, जिल्हा आणि तालुका पातळीवर कायदेविषयक शिबिरे, व्याख्याने व लोकअदालती यांची एक व्यवस्था उभी राहिली. रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवरील उरण, अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन आणि सावित्रीच्या खाडीने समुद्राशी जोडलेले महाड हा भाग या व्यवस्थेच्या कक्षेत येतो. त्याच वेळी हा भाग महाराष्ट्राच्या न्यायालयीन इतिहासातील एका अत्यंत महत्त्वाच्या दिवाणी दाव्याची भूमी आहे. लोकशिक्षणाच्या कार्यक्रमांत या इतिहासाला कोणते स्थान मिळते आणि ते न मिळाल्याने नागरिकाचे काय नुकसान होते, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

लोकशिक्षणाचे तीन प्रवाह

कायदा आणि न्यायालय यांविषयीचे लोकशिक्षण सर्वसाधारणपणे तीन मार्गांनी होते. पहिला मार्ग कायदेविषयक शिबिरांचा. उपरोक्त अधिनियमाच्या कलम ४ मध्ये जनतेत कायदेविषयक साक्षरता वाढविण्याचे, विशेषतः दुर्बल घटकांना सामाजिक कल्याणाच्या कायद्यांतील हक्क व लाभ समजावून देण्याचे कार्य सांगितले आहे. तरतुदीचा भर हक्क आणि लाभ यांवर असल्याने शिबिरांचा भरही तेथेच राहतो. कलम कोणते, अर्ज कोठे करावा, मोफत वकील कोणास मिळतो, ही माहिती उपयुक्त आहे यात शंका नाही. परंतु कायदा येथे तयार वस्तूच्या रूपात येतो. तो कसा घडला आणि न्यायालयात कसा कसास लागला, हे श्रोत्याला कळत नाही.

दुसरा मार्ग स्मृतिदिनांचा. २० मार्चला महाड येथे चवदार तळ्यावर लोटणारा जनसमुदाय आणि २५ सप्टेंबरला चिरनेर येथे होणारे हुतात्म्यांचे स्मरण ही याची ठळक उदाहरणे होत. येथे इतिहास असतो, प्रेरणा असते. मात्र त्या घटनांमागोमाग झालेले न्यायालयीन कामकाज बहुधा एका वाक्यात आटोपते.

तिसरा मार्ग न्यायालयीन संग्रहालयांचा व स्मारकांचा. मुंबई उच्च न्यायालयाची स्थापना १८६२ ची आणि त्याची सध्याची वास्तू १८७८ ची. ज्या दालनात १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाचा खटला चालला, तेथे १९५६ मध्ये स्मृतिफलक बसविण्यात आला. दिल्ली येथे सर्वोच्च न्यायालयाच्या आवारातील संग्रहालयाला २०२४ मध्ये नवे रूप देण्यात आले. अशा प्रयत्नांत वास्तू, न्यायाधीश आणि थोर आरोपी यांना स्वाभाविकपणे अग्रस्थान मिळते. तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात वर्षानुवर्षे तारखा घालणारा पक्षकार या चित्रात क्वचितच दिसतो.

तिन्ही प्रवाह स्वतंत्रपणे योग्य असले तरी त्यांच्या मधल्या जागेत एक मोठी पोकळी राहिली आहे. महाडचा दावा नेमका त्या पोकळीत पडतो.

दहा वर्षांचा दावा

मुंबई विधिमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याविषयीचा ठराव संमत झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्यास अनुसरून चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली परिषदेच्या प्रतिनिधींनी तळ्याचे पाणी प्राशन केले. येथपर्यंतचा भाग शाळकरी मुलांनाही माहीत असतो.

पुढील भाग मात्र तितका परिचित नाही. नगरपालिकेने ऑगस्ट १९२७ मध्ये आपला आधीचा ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह होणार हे ठरल्यावर महाडमधील काही सवर्ण रहिवाशांनी डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी यांच्याविरुद्ध दिवाणी दावा दाखल करून तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. २५ डिसेंबरला सुरू झालेल्या परिषदेस हजारो लोक सत्याग्रहाच्या तयारीने आले होते. तरीही न्यायालयाचा हुकूम पाळून सत्याग्रह तहकूब करण्यात आला आणि पाण्याला स्पर्श न करता तळ्याभोवती मिरवणूक निघाली. मनाई हुकूम १९२८ मध्ये उठला. मूळ दाव्याचा निकाल १९३१ मध्ये, ठाणे येथील अपिलाचा १९३३ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयातील दुसऱ्या अपिलाचा १७ मार्च १९३७ रोजी लागला. तिन्ही ठिकाणी वादी हरले. एका दिवसाच्या कृतीमागे जवळजवळ दहा वर्षांचे न्यायालयीन कष्ट होते.

निकालाने काय ठरविले आणि काय ठरविले नाही

या दाव्याचा निकाल सांगताना ‘उच्च न्यायालयाने अस्पृश्यांचा पाण्यावरील हक्क मान्य केला’ असे विधान सर्रास केले जाते. व्यवहारतः ते चूक नाही. कायद्याच्या दृष्टीने ते अपुरे आहे.

उच्च न्यायालयापुढे मुख्य प्रश्न प्रथेचा होता. मुंबई इलाख्यात १८२७ च्या चौथ्या विनियमानुसार, लिखित कायदा नसेल तेथे न्यायालयाने देशरिवाज पाहावा असा नियम होता. म्हणजे रिवाज सिद्ध झाला तर त्याला कायद्याचे बळ मिळे. वादींचे म्हणणे असे की, अस्पृश्यांना वगळून तळे वापरण्याची प्रथा अनादि काळापासून चालत आली आहे. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांच्या खंडपीठाने ही प्रथा सिद्ध झालेली नाही असे ठरविले. अस्पृश्यांनी १९२७ पूर्वी तळे वापरले नव्हते हे दाखविणे वेगळे. त्यांना वगळण्याचा कायदेशीर अधिकार अनादि काळापासून अस्तित्वात आहे हे सिद्ध करणे वेगळे. पहिल्यावरून दुसरे आपोआप निष्पन्न होत नाही, हा या निकालाचा गाभा होय.

येथेच एक प्रश्न उरतो. प्रथा सिद्ध झाली असती तर? अशी प्रथा अवाजवी किंवा सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध आहे काय, याचा विचार मग करावा लागला असता, एवढे सूचित करून न्यायालयाने तो मुद्दा मोकळा ठेवला. म्हणजे अस्पृश्यता ही मुळात बेकायदेशीर आहे असे १९३७ च्या निकालाने म्हटलेले नाही. ते म्हटले संविधानाने. २६ जानेवारी १९५० पासून अनुच्छेद १७ अन्वये अस्पृश्यता नष्ट झाली आणि अनुच्छेद १५ ने सार्वजनिक विहिरी, तलाव व घाट यांच्या वापरातील भेदभावाला मज्जाव केला. मोकळा राहिलेला प्रश्न ज्या संविधानाने मिटविला, त्याच्या मसुदा समितीचे अध्यक्ष या दाव्यातील एक प्रतिवादी होते. हा दुवा सांगितला तर अनुच्छेद १७ हे पाठांतराचे वाक्य राहत नाही. ते एका अपुऱ्या निकालाचे उत्तर ठरते.

न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांचे नाव इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे, ते प्रामुख्याने १९२२ मध्ये अहमदाबाद येथे महात्मा गांधींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे न्यायाधीश म्हणून. त्याच न्यायाधीशाचा महाडचा निकाल तुलनेने अपरिचित राहावा, यातून खटल्यांचे स्मरण कोणत्या निकषांवर होते हे दिसून येते. शासनाने प्रकाशित केलेल्या डॉ. आंबेडकरांच्या इंग्रजी लेखन-भाषण मालेच्या सतराव्या खंडात या लढ्याची कागदपत्रे उपलब्ध आहेत. साधनांचा अभाव हे कारण त्यामुळे पुढे करता येत नाही.

इतिहास हाच पुरावा

न्यायालयीन इतिहास हा केवळ अभिमानाचा विषय असता तर त्याच्या उपेक्षेची हानी मर्यादित राहिली असती. रायगडच्या किनाऱ्यावर मात्र जुना इतिहास हा चालू दाव्यांतील पुरावा असतो. मुरूड, श्रीवर्धन आणि म्हसळा हा मुलूख १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होता. उर्वरित भागावर इंग्रजी कायदा चालत होता. चरी येथील शेतकऱ्यांचा संप १९३३ पासून १९३९ पर्यंत नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चालला; खोती निर्मूलनाचा कायदा १९४९ मध्ये झाला. कुळाची नोंद, खोताची पावती, संस्थानी कागद यांचा अर्थ लावल्याशिवाय येथील अनेक कुटुंबांना आपला जमिनीवरील हक्क मांडता येत नाही.

चिरनेरचे उदाहरण याहून बोलके आहे. २५ सप्टेंबर १९३० च्या जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला आणि त्यानंतर ग्रामस्थांवर खटलाही चालला. आज २००६ च्या वन हक्क कायद्यानुसार अन्य पारंपरिक वननिवासींना तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. जंगलावरील अवलंबित्वाची नोंद ज्या जुन्या सरकारी व न्यायालयीन दप्तरांत सापडू शकते, ती दप्तरे कोठे असतात आणि कशी वाचावीत, हे शिबिरात शिकविले गेले तर त्याचा उपयोग थेट दाव्यात होईल. सिद्धतेचा भार कोणावर आणि तो कसा पेलायचा, हा महाडच्या दाव्याचा धडा येथे जसाच्या तसा लागू पडतो.

अपेक्षित दिशा

अमेरिकेतील अनेक राज्यांत तेथील वरिष्ठ न्यायालयांच्या इतिहासाला वाहिलेल्या संस्था व्याख्याने, प्रकाशने व शालेय उपक्रम चालवितात. तो नमुना जसाच्या तसा उचलण्याची गरज नाही. महाडच्या दाव्यातील कैफियती, साक्षी आणि तिन्ही निकाल यांचे सुबोध मराठी रूप तयार करणे, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांकडून त्यावर अभिरूप न्यायालय घेणे, आणि तालुका शिबिरात एक सत्र स्थानिक दाव्याला देणे, एवढे उपलब्ध यंत्रणेतही शक्य आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. मोफत वकिलाच्या शोधात आलेल्या माणसाला शंभर वर्षांपूर्वीचा दावा सांगून काय साधणार? आक्षेपात तथ्य आहे. तातडीच्या मदतीची जागा इतिहास घेऊ शकत नाही. परंतु ज्याला आपला दावा दहा वर्षे चालण्याची भीती वाटते, त्याला त्याच तालुक्यात दहा वर्षे टिकून जिंकलेल्या पक्षकारांची हकीकत निरर्थक वाटेल असे मानण्यास आधार नाही. लोकअदालतीच्या प्रचारातून तडजोडीचे महत्त्व ठसविले जाते, तेही योग्यच. मात्र काही प्रश्न तडजोडीचे नसतात, त्यांचा निकालच लागावा लागतो, हेही नागरिकास समजले पाहिजे.

समारोप

कायदेविषयक शिबिरे हक्क सांगतात, स्मृतिदिन पराक्रम सांगतात आणि संग्रहालये न्यायसंस्थेचे वैभव सांगतात. हक्क आणि पराक्रम यांना जोडणारी न्यायालयीन प्रक्रिया मात्र या तिन्हींतून निसटते. चवदार तळ्याचे पाणी एका दिवसात प्राशन केले गेले. ते प्राशन करण्यास कायद्याने अडविता येत नाही हे ठरण्यास मार्च १९३७ उजाडावे लागले, आणि ते अडविणे हाच गुन्हा ठरण्यासाठी संविधान व त्याखालील १९५५ चा अस्पृश्यता विरोधी कायदा यावा लागला. या तीन टप्प्यांतील फरक ज्या लोकशिक्षणातून समजत नाही, ते अपुरे आहे असेच म्हणावे लागते.