सुपीक कोण?

'सुपीक' हा शब्द मराठीत जमिनीला लागतो आणि डोक्याला लागतो. डोक्याला लागला की बहुधा टोमणाच असतो. बाईला मात्र कुणी सुपीक म्हणत नाही. मूल झालं की ती लेकुरवाळी, नाही झालं की वांझ. दोन्ही शब्द थेट निकाल सांगतात. 'जननक्षम' आहे, पण तो पाठ्यपुस्तकातला; स्वयंपाकघरात मी तो कधी ऐकलेला नाही. (लेकुरवाळा मात्र विठ्ठलही असतो, आणि त्याचं कौतुकच होतं.)

जनावरांच्या बाबतीत आपली भाषा जास्त समजूतदार आहे. गाय माजावर येते, फळते, गाभण राहते, विते, आटते, भाकड होते. भाकड म्हैस पुन्हा गाभण राहू शकते, हे शब्दातच गृहीत आहे. 'वांझ'मध्ये अशी फट नाही. संस्कृत 'वन्ध्या'पासून आलेला हा शब्द बाईला एकदा चिकटला की सुटत नाही.

आपल्या समीक्षेला हे सगळं जवळून पाहण्याची गरज आहे, कारण तिची निम्मी विशेषणं शेतातून आणि बाळंतिणीच्या खोलीतून आलेली आहेत. लेखन कसदार असतं, साहित्य सकस असतं, कवीला प्रसववेदना होतात आणि न आवडलेला परिसंवाद 'वांझोटी चर्चा' ठरतो. शेवटचा प्रयोग मला खटकतो. चर्चेतून काही निघालं नाही, एवढंच सांगायचं असतं. त्यासाठी कुणाच्या तरी आयुष्यभराच्या दुखण्याला हात घातला जातो. 'निष्फळ' हा चांगला शब्द हाताशी असताना.

शेत आणि बाई यांची सांगड जुनी आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात स्त्री क्षेत्र आणि पुरुष बीज असं सरळच म्हटलं आहे. आमच्या जिल्ह्यात, अजिंठ्याच्या डोंगराजवळच्या पळसखेड्यात राहून ना. धों. महानोरांनी 1967 साली 'रानातल्या कविता' दिल्या. त्यांच्या कवितेत रान आणि स्त्रीदेह एकमेकांत मिसळतात, आणि ते मिसळणं खरं वाटतं, कारण कवी स्वतः शेत कसणारा होता. नंतरच्या अनेकांनी उपमा तेवढी उचलली, कसणं सोडून दिलं. मग कवितेत भेगाळलेली 'वांझ भुई' येऊ लागली. शेतकऱ्याच्या तोंडी मी बरड, मुरमाड, चोपण, पडीक असे शब्द ऐकतो. त्यातला प्रत्येक शब्द जमिनीचं काय बिघडलंय किंवा तिचं काय केलंय ते सांगतो.

खरी गोम बियाण्यात आहे. मराठवाड्यात सोयाबीन उगवलं नाही की शेतकरी आधी पाऊस किती पडला ते बघतो, मग पिशवी बघतो. बियाणं बोगस निघालं म्हणून तालुक्याच्या कृषी कार्यालयात तक्रार जाते, शेतात पंचनामा होतो. हीच उपमा घरात आली की बियाण्याचा पंचनामा गायब. रूपक अर्धंच वापरायचं, हे आपल्या भाषेनं केव्हाच ठरवून टाकलेलं दिसतं. 'वांझ'ला पुल्लिंगी जोडीदार रोजच्या बोलण्यात नाही. 'नपुंसक' वेगळ्या गोष्टीबद्दल बोलतो, आणि राजकीय भाषणांत तर शिवी म्हणूनच येतो. संभाजीनगरातल्या दवाखान्यांच्या पाट्यांवर आता 'वंध्यत्व निवारण' आणि 'फर्टिलिटी सेंटर' दोन्ही दिसतात. मला दुसरा शब्द परका वाटत नाही. तो निदान नवरा-बायको दोघांना आत बोलावतो.

रा. चिं. ढेरे यांचं 'लज्जागौरी' 1978 सालचं. तेरला सापडलेल्या मूर्तींसारख्या मूर्तींचा, म्हणजे सुफलनाच्या देवीचा, त्यात शोध आहे. फाकलेले पाय, प्रसवाला बसल्यासारखी बैठक, आणि डोक्याच्या जागी कमळ. ढेरे तिला भूमीशी, वारुळाशी जोडतात आणि जराही संकोच न करता लिहितात. त्या पुस्तकाकडून समीक्षेनं घ्यावा तो हा धीटपणा. मला मात्र ते वाचताना दर वेळी आपलं 'सुपीक डोकं' आठवतं, आणि नजर त्या कमळाशी अडते.