प्लीहा म्हणजे नुसते स्मशान?

एन.सी.ई.आर.टी.च्या अकरावीच्या जीवशास्त्रात तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात असे सांगून प्लीहेला त्यांचे स्मशान ठरवले आहे. उपमा झकास आहे. मुले ती विसरत नाहीत. आमची तक्रार नेमकी तीच आहे. बारावीत हीच प्लीहा रक्तातले सूक्ष्मजीव अडवणारी गाळणी म्हणून भेटते, पण दोन्ही धड्यांचा सांधा जुळवलेला नाही. प्लीहा काढून टाकल्यावर काय होते, याबद्दल तर आम्हांला एक अक्षर सापडले नाही.

आपल्याकडची जुनी माणसे तिला पानथरी म्हणत. उसाच्या ट्रॉलीवरून पडून ती फुटते, थॅलॅसेमियात फार वाढली तर कधी काढावी लागते. जखम भरते, मूल खेळू लागते आणि घरचे सारे विसरतात. १९५२ साली अमेरिकेतील किंग व शूमॅकर यांनी जन्मजात रक्तक्षयासाठी प्लीहा काढलेल्या पाच तान्ह्या मुलांची हकिकत छापली. शस्त्रक्रियेनंतर त्यांना गंभीर जंतुसंसर्ग झाला होता.

कारण असे. न्युमोकोकससारख्या जंतूंभोवती शर्करेचे कवच असते, त्यामुळे ते भक्षकपेशींच्या हाती सहज लागत नाहीत. प्लीहेत रक्ताची गती मंदावते आणि तेथे ते पकडले जातात. अशा कवचाविरुद्ध प्रतिपिंडे बनवणे लहान मुलांना नीट जमत नसते, म्हणून पाच वर्षांखाली धोका अधिक. पण मोठेपणीही तो पुरता जात नाही. आज साधा ताप, उद्या मूल दगावलेले, इतका वेग असू शकतो.

अशा मुलाला ताप आला तर गोळी देऊन घरी पाठवू नये. ताबडतोब दवाखाना, आणि तेथे पहिले वाक्य ‘प्लीहा काढली आहे’ हे. कुत्रे चावले तरी तसेच. लसी शक्यतो शस्त्रक्रियेच्या दोन आठवडे आधी देतात, लहानांना रोज पेनिसिलिनही. महाराष्ट्राच्या नियमित लसीकरणात न्युमोकोकसची लस २०२१ मध्ये आली, पण ती या जंतूचे सगळे प्रकार अडवत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यात पाथर्डी-शेवगावकडची कुटुंबे ऊसतोडीला निघतात तेव्हा मूलही कित्येक महिने परगावी जाते. ही नोंद त्याच्याबरोबर कागदावर गेली पाहिजे, कारण तिथल्या गुरुजींना काहीच ठाऊक नसते.

पुस्तकाची पुढची आवृत्ती निघेपर्यंत अकरावीचे ते वाक्य शिकवताना बारावीचे वाक्य शिक्षकांनीच त्याला जोडून घ्यावे.