कंपवाताची मोजपट्टी नेमके काय मोजते?

तापमापकावर ३८ आणि ३९ अंशांत जेवढे अंतर, तेवढेच ३९ आणि ४० अंशांत असते. वर्गातल्या क्रमांकांचे तसे नसते. पहिल्या-दुसऱ्यात एका गुणाचा फरक असेल, तर दुसऱ्या-तिसऱ्यात वीस गुणांचा. शिक्षकांना हे सांगायला नकोच. पण रोग मोजायची वेळ आली की हा साधा भेद अभ्यासकही विसरतात. पार्किन्सनचा रोग, म्हणजेच कंपवात, हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

या रोगात मेंदूतील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात. हालचाली मंदावतात, स्नायू ताठरतात, बऱ्याच जणांच्या हातांना कंप सुटतो. रोग कितपत वाढला हे ठरवण्यासाठी मार्गारेट होएन आणि मेल्विन यार यांनी १९६७ साली पाच पायऱ्या सुचवल्या. लक्षणे शरीराच्या एकाच बाजूला असली तर पहिली. दोन्ही बाजूंना, पण तोल शाबूत असला तर दुसरी. तोल बिघडला तरी माणूस स्वावलंबी असला तर तिसरी. हालचाली फार अवघड झाल्या, पण आधाराशिवाय उभे राहता येते, तर चौथी. आणि चाकांची खुर्ची किंवा अंथरूण धरले की पाचवी.

ही पट्टी सुटसुटीत आहे आणि अर्ध्या शतकानंतरही ती वापरात आहे. तरीही तिच्याबाबत आमचे दोन आक्षेप आहेत. पहिला असा, की या पायऱ्या क्रम सांगतात, अंतर सांगत नाहीत. दुसरीवरून तिसरीवर जाणे आणि चौथीवरून पाचवीवर जाणे सारखेच, असे मानायला आधार नाही. मग रुग्णांची ‘सरासरी पायरी’ काढण्यात काय अर्थ? पुढे १.५ आणि २.५ अशा मधल्या पायऱ्याही आल्या. अपूर्णांक दिसला की मोजमाप अचूक वाटू लागते, एवढेच! दुसरा आक्षेप असा, की झोप न लागणे, बद्धकोष्ठता, उदासी यांना या पट्टीवर जागाच नाही.

१९८७ साली आलेल्या आणि २००८ साली सुधारलेल्या विस्तृत पट्टीने ही उणीव पुष्कळशी भरून काढली. तिच्या चार भागांत मिळून ६५ नोंदी असून प्रत्येकीला ० ते ४ गुण आहेत. झोप, वेदना, मनःस्थिती यांचीही चौकशी होते. पण येथेही एक पथ्य पाळावे लागते. लेव्होडोपाची गोळी लागू पडली की हालचालींचे गुण काही वेळातच सुधारतात. नष्ट झालेल्या पेशी मात्र परत आलेल्या नसतात. म्हणून तपासणी औषधाच्या अमलाखाली झाली की अंमल उतरल्यावर, याची नोंद नसेल तर दोन तपासण्यांची तुलना फसवी ठरते.

आता रुग्णाच्या बाजूने पाहू. १९९५ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ३९ प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिची उत्तरे डॉक्टर देत नाहीत, रुग्ण देतो. गेल्या महिन्यात सदऱ्याची बटणे लावणे जड गेले का? चारचौघांत संकोच वाटला का? २००० साली प्रसिद्ध झालेल्या लंडनमधील एका अभ्यासात या प्रश्नावलीच्या गुणांशी सर्वांत निकटचा संबंध नैराश्याचा आढळला. परावलंबित्व आणि तोल यांचाही वाटा होता. पण नैराश्य त्यांच्या पुढे होते.

याचा व्यवहारातला अर्थ मोठा आहे. नैराश्यावर उपचार होऊ शकतात. म्हणजे पायरी तीच राहूनही रुग्णाचे जगणे सुसह्य होऊ शकते. उलट, केवळ पायरीकडे पाहणारा डॉक्टर ‘फरक नाही’ असे लिहून मोकळा होईल आणि करता येण्याजोगे राहून जाईल. म्हणून रोगाची वाढ आणि जगण्याची प्रत या दोन गोष्टी शेजारी शेजारी, पण स्वतंत्र लिहाव्यात, असे आमचे मत आहे.

वरच्या वर्गांत सरासरी शिकवताना विद्यार्थ्यांना अवश्य विचारावे: वजन, तापमान, हजेरी क्रमांक आणि रोगाची पायरी, यांपैकी कशाची सरासरी काढता येईल, कशाची नाही, आणि का?