मोजमापाची मराठी

परक्या भाषेतील शब्द आपल्या भाषेत शिरला म्हणजे तो चटकन ओळखू येतो. त्याचा वेष निराळा, उच्चार निराळा. त्याला ठेवावे की घालवावे याचा विचार करावयास आपल्याला सवड मिळते. परंतु परक्या भाषेची वाक्यरचना जेव्हा आपल्याच शब्दांची वस्त्रे लेवून येते, तेव्हा तिला दारावर कोणीच अडवीत नाही. संख्या, परिमाण आणि काळ यांविषयी आज जी मराठी लिहिली जाते, तिच्यात अशी रचना फार मुरली आहे. वाचकांचे लक्ष आम्ही तिकडे वेधू इच्छितो.

‘जखमींची संख्या वीस इतकी आहे’, ‘या कामास पाच वर्षे एवढा कालावधी लागला’, ही वाक्ये वर्तमानपत्रांतून नित्य आढळतात. आमचा प्रश्न साधा आहे. वीस इतकी म्हणजे किती? वीसच ना? मग वीस म्हटल्याने जे काम भागते, तेथे ‘इतकी’ कशास हवी?

याचे मूळ इंग्रजीत आहे. इंग्रजीतील नुसता आकडा मुका असतो. तो बोलणाऱ्याला फार वाटतो की थोडा, हे त्यावरून कळत नाही. म्हणून इंग्रज माणूस आकड्याच्या जोडीला तुलनेचे शब्द आणतो. आकडा मोठा वाटला तर तो ‘ॲज मेनी ॲज ट्वेंटी’ म्हणतो, लहान वाटला तर ‘ॲज फ्यू ॲज ट्वेंटी’. काळ लांबला तर ‘ॲज लाँग ॲज’, घटना उशिरा घडली तर ‘ॲज लेट ॲज’. ही व्यवस्था त्या भाषेच्या प्रकृतीस धरून आहे आणि तीत सौंदर्यही आहे. तिला नावे ठेवण्याचे आम्हांस कारण नाही. पण आमचे भाषांतरकार काय करतात? ‘पुष्कळ’ आणि ‘थोडे’ हे दोन्ही अर्थ गाळून ते दोहोंसाठी एकच ‘इतके’ योजतात. ‘वीस इतकी’ यात विस्मय आहे की निराशा, हे वाचणाऱ्यास कळावे कसे? इंग्रजीने तुलना ज्याकरिता आणली ते वाटेतच सांडले, आणि टरफल मात्र आपल्या हाती आले.

वास्तविक या कामी मराठीला उसनवारी करण्याचे प्रयोजनच नाही. आकडा फार वाटला तर आपण तो दोनदा उच्चारतो: ‘वीस-वीस माणसे जेवून गेली’, ‘तीन-तीन दिवस नळाला पाणी नाही’. तो पुरेपूर आहे असे सांगावयाचे असेल तर ‘चांगली वीस’ म्हणतो; कमी वाटला तर ‘वीसच’, त्याहून खाली ‘जेमतेम वीस’, आणि अपेक्षाभंग झाला तर ‘वीसही नव्हती’. एका अक्षराच्या ‘च’ने जे साधते, त्यासाठी इंग्रजीतील ही रचना तीन शब्द खर्चते.

काळाच्या बाबतीत हा भेद अधिकच स्पष्ट होतो. ‘मुलगा एक वर्षापेक्षा अधिक काळ घरी आलेला नाही’ हे वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे. पण मुंबईस गेलेल्या मुलाची वाट पाहणारी कोकणातील कोणतीही आई असे बोलणार नाही. ती म्हणेल, ‘वर्ष उलटून गेले, पोर आले नाही.’ पहिल्या वाक्यात वर्ष हे माप आहे. दुसऱ्यात ते डोळ्यांदेखत निघून गेले आहे. इंग्रजी काळाला काळाशी ताडून पाहते, मराठी काळाला चालवते. तो उलटतो, सरतो, लोटतो, उजाडतो. म्हणून ‘अमुक सालाइतक्या उशिरापर्यंत’ या अवघड रचनेऐवजी ‘अमुक साल उजाडले तरी’ म्हटले की काम होते.

मराठीचे दुसरे मोठे धन म्हणजे ‘भर’ हा प्रत्यय. वाटीभर, मूठभर, तीळभर हे परिमाण झाले; घटकाभर, दिवसभर, जन्मभर हा काळ झाला. मूठ भरते तशीच घटकाही भरते, ही कल्पना एका प्रत्ययात साठविलेली आहे. आम्ही हे हातखंब्यास बसून लिहीत आहो. मुंबई–गोवा महामार्गाला रत्नागिरीहून कोल्हापुराकडे जाणारा रस्ता या गावी मिळतो, आणि तिठ्यावरील फलक सर्व अंतरे किलोमीटरांत सांगतात. वाहने हाकणाऱ्यांस तेच हवे. पण पावसाळ्यात वहाळ ओलांडावयाचा असला, तर पाणी किती सेंटिमीटर आहे असे येथे कोणी विचारीत नाही. घोटाभर, गुडघाभर, कंबरभर, पुरुषभर, यांपैकी एक शब्द कानी पडला की पाय टाकावा की मागे फिरावे याचा निर्णय होतो. या शब्दांत माणसाचे शरीर हेच माप आहे, आणि बुडण्याचे भयही त्या शरीरालाच आहे. पाण्याची खोली ‘माणसाच्या कमरेच्या उंचीइतकी’ आहे असे जो लिहितो, तो एका शब्दाचे तीन करतो आणि ऐकणाऱ्याचा वेळ नको त्या वेळी घेतो.

येथवरचा दोष रसहानीचा होता. परंतु ‘पट’ या शब्दाच्या बाबतीत अर्थहानीच होते. मराठीत सव्वापट, दीडपट, दुप्पट, तिप्पट हे शब्द आरशासारखे स्वच्छ आहेत. शंभराची तिप्पट म्हणजे तीनशे. येथे वादाला जागा नाही. इंग्रजीत मात्र ‘थ्री टाइम्स मोअर’ म्हटले तर तीनशे की चारशे, याविषयी त्यांच्यातच मतभेद आहेत. तोच संशय आपण ‘तिपटीने अधिक’ या शब्दांनी आपल्या घरात आणिला. त्याहून विलक्षण म्हणजे ‘दहा पटीने कमी’! शंभरांतून त्याची एक पट वजा केली की शून्य उरते; उरलेल्या नऊ पटी कोठून वजा करावयाच्या? ‘एक दशांश’ किंवा ‘दहावा हिस्सा’ म्हणावयास काय जड जाते?

याचे महत्त्व पटावे म्हणून दामदुपटीचे उदाहरण घेऊ. कोणत्याही एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक असू नये, हा हिंदू धर्मशास्त्रातील नियम जुन्या मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी मानला होता. शंभर रुपये घेणाऱ्या कुळाकडून एका वेळी फार तर दोनशे वसूल होत. आता त्याच नियमात ‘दुपटीने अधिक’ असे शब्द घालून पाहा. शंभर आणि वर दोनशे, असे तीनशे होतात. एका विभक्तीने आणि एका विशेषणाने ऋणकोच्या डोक्यावर शंभर रुपये चढले.

‘ॲज लाँग ॲज’ची गोष्ट अशीच आहे. इंग्रजीत ते कधी काळ दाखविते, कधी अट. आपण दोन्ही ठिकाणी ‘जोपर्यंत’ घालतो. ‘जोपर्यंत भाडेकरू भाडे देईल तोपर्यंत त्याला राहता येईल’ असे करारात लिहिले, तर तो जन्मभर भाडे देऊन जन्मभर राहण्याचा हक्क सांगेल. मालकाच्या मनात मात्र मुदत अकरा महिन्यांचीच होती आणि भाडे ही केवळ तिच्यातील अट होती. ‘भाडे देत राहिल्यास’ एवढे म्हटले असते तर तंटा उपजला नसता.

रत्नागिरीत भाषाशुद्धीचा विषय नवा नाही. सावरकर १९२४ पासून १९३७ पर्यंत या जिल्ह्यात स्थानबद्ध होते, आणि ‘दिनांक’, ‘महापौर’ यांसारखे शब्द त्यांनी रूढ केले. त्या चळवळीविषयी मतभेद असोत. पण तिची दृष्टी मुख्यतः शब्दांवर होती, हे खरे. शब्द सगळे शुद्ध असूनही वाक्य परके असू शकते, याकडे समाजाचे ध्यान तितके गेले नाही. ‘वीस इतकी’ यात एकही परका शब्द नाही.

इंग्रजीपासून काहीच घेऊ नये, असे आमचे म्हणणे नव्हे. विरामचिन्हे आपण इंग्रजीवरून घेतली, मेजर कँडी यांनी १८५० साली त्यांवर मराठीत पुस्तक लिहिले, आणि मराठी गद्य त्यामुळे सुवाच्य झाले. ‘जितका–तितका’ ही तुलना तर आपल्या घरचीच आहे. जेथे खरोखर दोन वस्तू ताडावयाच्या असतात तेथे ती अवश्य वापरावी. मापे बदलतात, तीही बदलोत. १९५८ पासून मेट्रिक वजने आली, शेर गेला. तरी भाजीवाल्यापाशी ‘पावशेर’ मागितले की तो अडीचशे ग्रॅम अचूक तोलून देतो. कारण माप गेले तरी मोजण्याची रीत लोकांनी टाकली नाही.

ती रीत लिहिणारेच टाकीत आहेत, ही आमची तक्रार आहे. मुलांच्या निबंधात ‘पाच तास इतका वेळ’ आढळला तर पालकांनी तो शुद्धलेखनाच्या चुकीप्रमाणेच खोडावा, आणि ‘चांगले पाच तास’ की ‘पाचच तास’, तुला काय म्हणावयाचे आहे, असे मुलास विचारावे. त्याचे उत्तर त्याला स्वतः शोधावे लागेल.