कळलं नाही, पण...

ग्रँट मॉरिसनने १९८९च्या सुमारास ‘डूम पट्रोल’ हे अमेरिकन कॉमिक लिहायला घेतलं आणि वाचकांत दोन तट पडले. एक म्हणे, “काय प्रतिभा!” दुसरा म्हणे, “डोकं ठिकाणावर आहे ना?” मी आधी दुसऱ्यांतला. पॅरिस गिळणारं चित्र काय, दुकानांच्या पाट्यांतून बोलणारा रस्ता काय! आपल्याकडे कला चौसष्ट. इथे एकट्या जेनमध्ये व्यक्तिमत्त्वं ६४!

पण अपघातात नुसता मेंदूच उरलेला, पत्र्याच्या देहातला क्लिफ, हरवलेल्या जेनला परत आणायला तिच्या मनात उतरतो, तिथे मी गप्प झालो. गोष्ट कळली नाही, माणसं कळली. पुष्कळ शहाण्या कादंबऱ्यांत माझं नेमकं उलटं होतं.