श्वार्ट्झच्या स्मारकशिल्पाचा पुरावा

तंजावर येथील ख्रिस्तमंदिरांत सरफोजी राजांनीं बसविलेलें फ्लॅक्समनकृत संगमरवरी शिल्प प्रसिद्ध आहे. मृत्युशय्येवरील लूथरपंथी पाद्री श्वार्ट्झ यांचा हात राजांनीं धरिला आहे, असा त्यांत देखावा आहे. कारागिरी उत्तम, राजांची गुरुभक्तीही निःसंशय. तथापि इतिहासाचें साधन म्हणून हें शिल्प जपून वापरावें, असें आम्हांस वाटतें. श्वार्ट्झ १३ फेब्रुवारी १७९८ रोजीं वारले. सरफोजी गादीवर आले ते त्याच सालच्या जूनांत. म्हणजे त्या दिवशीं ते राजे नव्हते.

दुसरी उणीव याहून मोठी आहे. श्वार्ट्झ यांचें नित्याचें काम म्हणजे मंडळ्यांची निगा. तें येथें जवळजवळ दिसतच नाहीं. तिरुनेलवेलीकडील पालयंकोट्टै येथील मंडळीच्या १७८० च्या यादींत ४० नांवें असून अग्रस्थानीं क्लोरिंडा ही मराठी ब्राह्मण विधवा आहे. तिला श्वार्ट्झ यांनींच १७७८ त बाप्तिस्मा दिला. तिच्या पुढाकारानें तेथें प्रार्थनामंदिर उभें राहिलें. त्याच मंडळींत खपलेल्या सत्यनाथन् या तमिळ उपदेशकास त्यांनीं १७९० त लूथरपंथी रीतीनें पाळकाची दीक्षा दिली. दरबारी शिल्पांत या माणसांस जागा नाहीं. तंजावरकर मराठ्यांचा इतिहास लिहिणारांनीं शिल्पाइतकीच ती यादीही वाचावी.