टाळूपर्यंतची वाट

वरची दुधाची दाढ काढायची तर बहुतेक वेळा टाळूलाही भूल द्यावी लागते. लहान मुलांच्या दातांच्या उपचारात याहून अवघड टोचणी मला ठाऊक नाही. टाळूचं अस्तर हाडाला घट्ट चिकटलेलं असतं, औषधाला पसरायला जागाच नसते. त्यामुळे सुईच्या टोकापेक्षा आत शिरणाऱ्या औषधाचा दाबच जास्त दुखतो. हे एकदा ध्यानात आलं, की मुलांच्या डेंटिस्टच्या हाताची एकेक हालचाल मन लावून पाहावीशी वाटते.

सुरुवात गालाच्या बाजूनं. हिरडी टिपून कोरडी करायची, कारण ओल्या जागेवर जेल टिकत नाही. मग बधिर करणारं जेल लावायचं आणि मिनिट-दोन मिनिटं थांबायचं. घाईगर्दीच्या दवाखान्यात नेमकी हीच मिनिटं कापली जातात आणि जेल नावापुरतं उरतं, याचं मला फार वाईट वाटतं. मग गाल ताणून धरायचा, म्हणजे सुई सहज शिरते, आणि बोटांनी तो हलवत राहायचा. मेलझॅक आणि वॉल यांनी 1965 मध्ये मांडलेला ‘गेट कंट्रोल’ सिद्धान्त इथे बोटांत उतरलेला दिसतो: स्पर्शाच्या संवेदना वेदनेची मेंदूकडे जाणारी वाट अडवू शकतात. औषध मिनिटाला साधारण 1 मिलिलिटर, त्याहून भरभर नाही.

खरी दाद द्यावी ती यानंतर. पहिली भूल चढल्यावर सुई दोन दातांमधल्या हिरडीच्या त्रिकोणात जाते, तीही गालाकडून, म्हणजे बधिर झालेल्या बाजूनं. औषध थेंबाथेंबानं सोडलं, की पलीकडे टाळूकडची हिरडी पांढुरकी पडू लागते. पुढची टोचणी त्या पांढुरक्या डागातच. टाळूला सुई पहिल्यांदा लागते तेव्हा तिथे भूल आधीच पोचलेली असते! किती सुंदर रचना आहे ही.

औषधाचा वेग नेमका राखणारी, संगणकावर चालणारी यंत्रं 1990च्या दशकाच्या अखेरीस आली. त्यांचं मोल आहेच. पण “दुखलं तर डावा हात वर कर” हे मुलाला सांगायला आणि तो शब्द पाळायला माणूसच लागतो. काही मुलं दुखत नसतानाही हात वर करतात, डॉक्टर खरंच थांबतात का ते बघायला. चांगले डॉक्टर तेव्हाही थांबतात, विचारतात आणि मगच पुढे जातात.